बांधावरच्या गाण्याचे अकरा खर्डे

३ डिसेंबर, बुध.
गाणं झालं! आठ कडवी. मोजणीच्या एका जुन्या नोटिशीच्या पाठीवर. सुरुवात अशी:
हे सीमारेषे, निष्ठुर तू, का चिरिलेस काळिज माझे
ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं. एकाने ‘वा’ म्हटलं, दुसऱ्याने रजेचा अर्ज पुढे केला. घरी सुनंदा मेथी निवडत बसली होती. फोन समोर ठेवलेला. आठही कडवी ऐकून घेतली. शेवटी म्हणाली, “जुडी सरनी, गानं नही सरनं.”
चोवीस वर्षांचा संसार. दाद अशी.

७ डिसें., रवि.
स्पर्धेच्या नाटकाचं पहिलं वाचन. दिग्दर्शक गिरासे सर (बँकेत कॅशियर, आवाज सिंहाचा). नाटकाचं नाव अजून ठरायचंय, दर आठवड्याला नवं ठरतं. गोष्ट दोन भावांची आणि त्यांच्यामधल्या बांधाची. भाऊ बोलत नाहीत म्हणून त्यांच्या बायकांनीही बोलायचं नाही. मग एक दिवस मोठी जाऊ बांधावर येऊन धाकटीला हाक मारते, ते माझं गाणं. सरांनी गाणी मला दिली, कारण म्हणे जन्मभर लोकांचे बांध मोजणाऱ्याला यातलं कळत असणार.
तालमीला जागा मिळाली ती एका मिरचीच्या व्यापाऱ्याची खोली. तीन बाजूंनी पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. जिकडे पाहावं तिकडे लाल मिरची वाळत घातलेली. वारा सुटला की सगळं नाटक एकदम खोकतं. व्यापारी म्हणाले, आम्हाला सवय आहे, आणि खोकले.
धाकट्या जावेला माणूस मिळालं: रोझलीन सिस्टर, दवाखान्यात नर्स आहे, नवापूरकडची, चर्चमध्ये गाते. मोठी जाऊ मिळेना. गाता येईल आणि चाळिशीची दिसायला तयार होईल, अशी बाई या शहरात नाही, असं सर म्हणाले. सुनंदा मला डबा द्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, “मी करसू.”
माझ्या हातातला घास हातात राहिला. ही बाई कधी नाटकाला आली नाही. मी केलेल्या नाटकांनासुद्धा.

८ डिसें.
रात्रभर नव्हे, पण सकाळभर विचार केला. विचारलं तर म्हणाली, “गावनं, म्हनीसन.” गायचंय म्हणून. एवढंच.
लिहून ठेवतो, खोटं कशाला. धाकटा भाऊ दिलीप गावी शेती बघतो. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा अर्ज-बिर्ज कशाला, घरचं घरी म्हणून मीच एका रविवारी बांध मोजला. कापडी फितीने. जगाला सांगतो, स्वतःच्या शेताची मोजणी स्वतः करू नये, आणि मीच केली. बांध दोन हात दिलीपच्या शेतात सरकला. तो म्हणाला, “सरकारी मानूस बी तूच, फीत बी तुन्हीच.” त्या दिवसापासून बोलणं बंद. आम्ही दोघं बोलत नाही म्हणून सुनंदा आणि दिलीपची लता, याही बोलत नाहीत. एका चुलीवर चौदा वर्षं स्वयंपाक केला दोघींनी. कानबाईच्या सणाला दोघी गायला लागल्या की शेजारच्या बाया आपलं काम टाकून यायच्या.
नाटकातल्या गाण्याने हा अबोला सुटेल असं मी सुनंदाला म्हणालो नाही. तीही म्हणाली नाही. पण गाणं लिहिताना माझ्या डोक्यात तेच होतं, आणि ते मागायला ती दारातून ओरडली तेव्हा तिच्याही.

१० डिसें.
चाल लावायला शालिक आप्पा. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, पेटी उत्तम. शब्द हातात असूनसुद्धा चाल बांधताना तो स्वतःचे शब्द घालतो, आणि त्याचे शब्द म्हणजे थांबे. डोळे मिटून, गहिवरून: “नंदुरबाऽऽर, कोळदे, प्रकाशाऽऽ, शहादा…” पाणी आलं माझ्या डोळ्यांत. मिरचीचं असेल.
मग माझी ओळ बसवायला घेतली. “साहेब, तुमनी ओय शहादालेच उतरी पडस. चाल तं खेतियालोंग जास.” दोन मात्रा कमी पडतात म्हणजे. दुसऱ्या कडव्यात ‘विदीर्ण’ आहे, तिथे म्हणाला, हा मोलगीचा घाट आहे, बाईला चढणार नाही. शब्द बदला नाहीतर गियर.

१४ डिसें., रवि.
सरांनी घड्याळ लावलं. गाणं नऊ मिनिटं वीस सेकंद. त्यात खोकला दोन मिनिटं धरला तरी सात. स्पर्धेत वेळेचं बंधन कडक. सर म्हणाले, “तीन मिनिटांत आणा. नाहीतर गाणं कट.”
मी म्हणालो, गाणं काढलं तर मोठ्या जावेला उरलं काय? सरांनी वही चाळली. “दोन वाक्यं आहेत. एक ‘चहा ठेवते’, आणि एक नुसतंच ‘अगं बाई’.”
सुनंदा ऐकत होती. म्हणून मी कापायला बसलो. स्वतःची कडवी स्वतः कापणं म्हणजे काय, हे ज्याने आठ लिहिली त्यालाच कळेल. पाच ठेवली. (खर्डा २)

१७ डिसें.
खर्डा २ काल सुनंदाने म्हणून पाहिला. आज सकाळी चहा देताना एकदम: “बांधवर उभी राहीसन कोनी बी इतलं बोलत नही. भाकर करपी जाई घर.”
काल का नाही सुचलं? तिला टीका एक दिवस मुरवून द्यायची सवय लागली आहे.
तीन कडवी ठेवली.

२१ डिसें., रवि.
खर्डा ३. यात माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली ओळ आहे. हे मी नम्रपणे लिहितोय.
बांधापल्याड तुझी वाट
बांधाअल्याड रिकामा पाट
गिरासे सरांनी वही मिटली. आप्पानेही पेटी थांबवली आणि म्हणाला, “हाई बरोबर प्रकाशाना पूलवर थांबस.” त्याच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. रोझलीन सिस्टरने ओळ वहीत उतरवून घेतली. मी घरी चालतच आलो. खांदे जरा रुंद झाल्यासारखे वाटत होते.

२२ डिसें.
सुनंदा, सकाळी, चहा: “पाट काढी टाका.”
मी: का?
“पाटवर आदमी बसेत. आमी दोन्ही चुल्हाजोडे भुईवरच बसूत. रिकामा पाट देखीसन तिले काय वाटी? काहीच नही.”
मी म्हणालो, हे काव्य आहे. प्रतीक आहे. पाट म्हणजे पाट नव्हे.
“मंग काय शे?”
दिवसभर ऑफिसात कामात लक्ष नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिचं खरं आहे. पाटावर मी आणि दिलीप बसायचो. त्या दोघी कधी बसल्याच नाहीत.
पाट काढला. (खर्डा ४) कोणी मेल्यासारखं वाटतंय.

२८ डिसें., रवि.
रोझलीन सिस्टर नाताळ करून नवापूरहून आली, सगळ्यांना केक. आज तिने पहिल्यांदा गाण्यात साथ दिली. नाटकात ती बांधाच्या पलीकडे पाठ करून उभी असते. सुनंदा गायला लागली आणि ही मागून हळूच वेगळंच काहीतरी गायला लागली. सुनंदा वर, ही खाली. शब्द नाहीत, नुसता सूर.
आप्पाने पेटी थांबवली. “बाई, तुमी दुसरी गाडीमा बठेल शेतस.”
ती म्हणाली, “आमच्यात असंच म्हणतात, आप्पा. दोन आवाज वेगळे चालतात आणि मिळतात.”
“मिळतंस कोठे? मी बठेल शे ना आठे.”
अर्धा तास वाद. आप्पाचं म्हणणं, एका गाण्यात एकच ड्रायव्हर असतो. शेवटी सरांनी दोघींना पुन्हा म्हणायला लावलं आणि आप्पाला बाहेर पथारीवर उभं केलं. आप्पा परत आला तो नाक पुसत. “चाली,” म्हणाला. मिरचीने की गाण्याने, विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. (खर्डा ५)

२ जानेवारी
वारा. पथारीवर मिरची उलटवत होते, धुरळा सगळा आत. सुनंदा दुसऱ्या ओळीच्या शेवटी लांब सूर लावायला गेली आणि खोकला आला. तोंडावर पदर धरून उभी राहिली. चार मात्रा गेल्या. मग तिसरी ओळ म्हणाली.
सर टाळ्या वाजवत उठले. “हा पॉज! हाच! कोणी सांगितला?”
“मिरचीनी,” सुनंदा म्हणाली.
थांबा ठेवला. तान गेली. त्या तानेसाठी मी ‘आकांत’ हा शब्द खास निवडला होता, तोही तानेबरोबर गेला. (खर्डा ६) माझ्या गाण्याला मिरचीनेसुद्धा हात लावला. आता कोण राहिलं?

६ जाने.
कोण राहिलं ते कळलं.
संध्याकाळी सुनंदाचे हात पिठात. आप्पाला कालचं रेकॉर्डिंग पाहिजे होतं. म्हणाली, मन्हा फोनमधून धाडी द्या. मी उघडला. सगळ्यात वर आप्पा नाही, लता.
सहा रेकॉर्डिंग. एकूण एक खर्डे. पहिला ३ डिसेंबरचा, माझ्या आवाजात, मागे मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज. फोन समोर का ठेवला होता, ते आज कळलं. त्याला दोन दिवसांनी लताचं उत्तर. सहा वर्षांनंतर आमच्या घराला तिने लिहिलेले पहिले शब्द:
“कोन मरनं?”
खाली बसलो. बाकीचं ऐकलं. भाकर करपेल, ते लताचं. पाटावर आदमी बसेत, तेही लताचं. तिच्याच आवाजात, मागे म्हैस. चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला एका महिन्यात काव्याची इतकी जाण कुठून आली म्हणून मी चकित होतो. माझ्या गाण्याची एडिटर गावी गोठ्यात बसलेली होती.
आणखी एक पाहिलं. अख्ख्या महिन्यात दोघींनी एकमेकींची खुशाली विचारलेली नाही. कशी आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही. फक्त गाण्यातली जेठानी (मोठी जाऊ) असं म्हणेल का आणि देरानी (धाकटी) तसं करेल का. बस.
सुनंदा हात धुऊन आली. मी फोन दिला. “आप्पाले धाडं का?” म्हणाली. “धाडं,” म्हणालो. धाडलं नव्हतं.

७ जाने.
राग आलाय. दिलीपशी बोलायचं नाही हे ठरलं होतं, आणि घरातून माझीच ओळ न् ओळ तिकडे जात होती. शिवाय ‘कोन मरनं’.
सुनंदाने विचारलं, जेवत का नाही. म्हणालो, भूक नाही. वांग्याचं भरीत होतं. थोडं खाल्लं. मग आणखी थोडं.

९ जाने.
राग दोन दिवसांहून जास्त टिकत नाही माझा, हा दोष आहे. (दिलीपच्या बाबतीत सहा वर्षं टिकला, तो राग नव्हता. ती लाज होती. हे आज पहिल्यांदा लिहितोय.)
आता माहीत आहे की ऐकणारं कोण आहे, तर लिहायला बसलो वेगळ्याच उत्साहाने. खर्डा ७. साधे शब्द. यात जेठानीने हाक मारली की देरानी लगेच पलीकडून उत्तर देते: आली गं बाई, आली. सुनंदाला दिला आणि नुसता बघत बसलो.
“कसं आहे?”
“उद्या सांगस.”
अगदी माहीत असल्यासारखा मान हलवून वर्तमानपत्र वाचलं. उलटं होतं की सुलटं, आठवत नाही.

११ जाने., रवि.
चहा. मी आधीच तयार बसलेलो.
“दोन गोष्टी,” सुनंदा म्हणाली. “एक, जेठानी उनी तं ती पयले पोऱ्यानं ईचारी. हद्द कोन ईचारस?”
“बरं.”
“आनि दुसरी, ती इतली लगेच नही बोलनार. सहा वरीस काय फुकट गयात?”
नाटकात कुठेही सहा वर्षं नाहीत. नाटकात तीन आहेत. सुनंदालाही बोलल्यावर कळलं बहुतेक. गॅस उगीच कमी-जास्त करत राहिली.
मी ‘बरं’ म्हटलं. उत्तराच्या ओळी खोडल्या (खर्डा ८). लता नाटकातल्या बाईबद्दल बोलत नव्हती.

१६ जाने.
संक्रांतीला तिळगूळ गावी पाठवायचा का, हा प्रश्न याही वर्षी कोणी काढला नाही. म्हणून मीच काढला, गाण्यात. खर्डा ९, एक ओळ वाढवली, मोठ्या जावेच्या तोंडी:
खोटी व्हती वं आमनी फीत
खरं म्हणजे मला खात्री नाही. कापडी फीत, मे महिना, जुनी. ताणली गेली असेल. हातभर इकडे की तिकडे? यंत्राने पुन्हा मोजायचं तर एका दिवसाचं काम. सहा वर्षांत तो दिवस मला सापडला नाही.

१८ जाने., रवि.
चहा आला. टीका नाही.

१९ जाने.
नाही.

२० जाने.
नाही. शेवटी विचारलं, काय म्हणतेस नव्या ओळीला.
सुनंदाने कप खाली ठेवला. “ती ओय मी धाडीच नही.”
म्हणजे तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. किती दिवसांपासून, विचारलं नाही.
“का?”
“हाई तुमनं शे. तुमनं तुमी सांगा. मन्हा तोंडमा नका घाला.”
ऑफिसला उशीर झाला. ओळ काढली, आणि तिच्यावर टेकलेल्या बाकीच्याही. खर्डा १०. आता मोठ्या जावेला म्हणायला काही उरलंच नाही, नुसती चाल आणि मधला थांबा.

२३ जाने.
तालमीत सुनंदाने रिकाम्या चालीवर स्वतःच शब्द घातले. आप्पा थांबे घालतो, तसे. जे तोंडात आलं ते. मी कोपऱ्यात बसून उतरवून घेतले. यमक तिचं तिलाच जमलं. मी दोन ठिकाणी ‘वं’ वाढवला, चालीत बसावं म्हणून. खर्डा ११ हा असा:
पोऱ्या कितला मोठा व्हयना वं,
कंबर दुखस का उठीसन?
(थांबा)
तुन्हा हातनं लोनचं सरनं वं,
बरनी ठेयेल शे धुईसन.
पोर, कंबर, लोणचं, बरणी. सीमारेषा नाही, काळीज नाही, माती नाही. आठ कडव्यांतून माझं काय राहिलं ते मोजलं. दोन ‘वं’.
कंबर लताची दुखते, धाकट्याच्या बाळंतपणापासून. सुनंदानेच शेकली होती महिनाभर.
रोझलीन सिस्टर सूर धरायची विसरली. सरांनी घड्याळ लावलं नव्हतं. आप्पा म्हणाला, “डायरेक्ट गाडी. मधला थांबा एकच.”

२४ जाने.
खर्डा ११ लताला गेला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
अजून नाही. सुनंदा फोन देवाजवळ ठेवते आहे. चार्जर तिकडे नाही म्हणून दिवसातून दोनदा उचलावा लागतो, हा तोटा.
गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंद. सर खूश. नाटकाचं नाव ठरलं, मग परत बदललं.

९ फेब्रु., सोम.
काल प्रयोग. सहाला पडदा. लिहितो सगळं, विसरायच्या आत.
नाट्यगृहात मिरची नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन महिन्यांनी सगळे नट मोकळा श्वास घेत होते आणि त्यामुळे बावरले होते. मी विंगेत. पडद्याच्या फटीतून पाहिलं. पाचव्या रांगेत गावच्या सहा-सात बाया, जीप करून आलेल्या. मधे लता. दिलीप नाही. पुन्हा पाहिलं. नाही.
सुनंदाला सांगायचं की नाही, यात पहिला अंक गेला. सांगितलं नाही. पण स्टेजवर गेल्यावर तिला दिसली असणार. बांधावर चढताना तिचा पाय जरा अडला.
पहिली ओळ. दुसरी ओळ: कंबर दुखस का उठीसन?
थांबा. चार मात्रा. रोझलीन पाठ करून उभी, खालचा सूर बारीक धरलेला. चार झाल्या. सुनंदा गाईना. आठ झाल्या. मला वाटलं खोकला. खोकला कुठला, मिरचीच नाही! ती नुसती उभी होती. विंगेत गिरासे सर कॅशियरसारखे बोटांवर मोजत होते. बारा. आप्पा भाता हलवतोय, बोटं अधांतरी. सोळा. सर माझ्या कानात: “विसरल्या! शब्द द्या, शब्द!” मी शब्द देणार कुठले, माझे होतेच कोणते.
आणि पाचव्या रांगेतून खणखणीत:
“दुखस वं, दुखस! आते म्हन ना पुढे, लोके बठेल शेतस!”
अख्खं नाट्यगृह हसलं. टाळ्या. रोझलीन गर्रकन वळली, तिने वळायचं नसतं. सुनंदाने पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या दोन ओळी म्हटल्या. सुरात नव्हत्या. मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही.
नंतर लता मागच्या दाराने आली. दोघी मेकअपच्या खोलीत गेल्या आणि मला बाहेर ठेवलं. दहा मिनिटं आतून दोघी एकदम बोलत होत्या, एकही ऐकत नसावी. बाहेर आल्यावर लताने पदर सावरला आणि मला म्हणाली, “भाऊ, आठ कडवा भलताच व्हतात.”
जीप सुटायची होती. गेली.
दिलीपचं नाव कोणी काढलं नाही.

१२ फेब्रु.
निकाल यायचाय. पण सर पुढच्या प्रयोगाच्या तयारीत. त्यांना लताचं वाक्य नाटकात पाहिजे. “काय मोमेंट होती! पुढच्या वेळी रोझलीन म्हणेल.”
रोझलीन म्हणाली, “सर, माझी कंबर दुखत नाही.”
सर म्हणाले, अभिनय असतो.
सुनंदा उठली. सरांशी ती एरवी पुस्तकी बोलते, आज नाही. “ती ओय नाटकनी नही, सर. ती देवाव नही मी.” देणार नाही म्हणजे नाही.
मग त्या थांब्यात ठेवायचं काय? सरांचं म्हणणं, तिथे आता भोक पडलंय, लोक वाट बघणार. आप्पाने दोन स्वर सुचवले, सर्वांनी नाही म्हटलं. मला सांगितलंय काहीतरी लिहून आणा. म्हणजे खर्डा बारावा. मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. सुनंदा हल्ली फोन घेऊन अंगणात बसते, आणि बोलणं गाण्याचं नसतं. मिरचीचा भाव, लताच्या धाकट्याचं दहावीचं टेन्शन. मी जवळ गेलो की हसून आवाज कमी करते.

१४ फेब्रु., शनि.
दुपारी दिलीपचा फोन. नाव पाहिलं तरी पटेना. उचलला.
“दादा, ते गानं धाड.”
“कोनतं?”
“तेच. बांधनं.”
“आख्खं का शेवटलं?”
मागे मोटारीचा आवाज. “धाड मंग,” म्हणाला आणि ठेवला. एकोणीस सेकंद. मोजायची सवय आहे.
सुनंदा भाकरी थापत होती, तिला सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, “लताना फोनमा आख्खा शेतस. एकच घर शे त्यास्नं.”
“मंग मन्हाकडे कसाले मांगं?”
तिने भाकर तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला.
गाणं जोडून ठेवलंय. त्याच्याखाली माझ्याकडून फितीची एक ओळ पाहिजे. दोनदा लिहिली, दोनदा पुसली.